भिंतीवरचा लेप : वज्रलेपापासून कमळाच्या पानापर्यंत



श्रावण सरून भाद्रपद लागला की आपल्या कोल्हापुरातल्या घरांच्या भिंती बघवत नाहीत. ज्या बाजूने पावसाची झड येते ती पश्चिमेची भिंत हिरवी, गच्चीच्या कठड्याखाली काळे ओघळ, आणि रस्त्याकडच्या बाजूला धूळ नि धुराचा थर. पर्युषण संपून दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घरोघरी एकच विषय असतो, रंगाचा. गेली दोन-तीन वर्षे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. “काकू, तो स्वतःच स्वच्छ होणारा रंग म्हणतात, तो खरा का हो?”

रंगाच्या दुकानात ‘नॅनो’ आणि ‘सेल्फ-क्लीनिंग’ हे शब्द आता हळद-कुंकवासारखे सहज मिळतात. जाहिरातीवर भरवसा ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधी या लेपाचा इतिहास बघू. तो मोठा सुरस आहे, आणि त्यातला एक धागा आपल्या गावातूनच जातो.

आपल्या आज्या-पणज्यांचा लेप म्हणजे सारवण आणि चुना. दोन्हींचा नियम एकच होता : लेप टिकत नाही, तो पुन्हा द्यायचा असतो. शेणाचे सारवण आठवड्याला, चुन्याची पोचारी वर्षाला. चुन्याचे काम कसे चालते ते समजून घ्या. विरलेला चुना भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा पातळ दगडी थर बनतो. ताजा चुना इतका तिखट असतो की त्यावर काही काळ शेवाळ धरत नाही. पुढे त्याची वरची पूड पावसाबरोबर निघून जाते आणि जाताना मळही घेऊन जाते. म्हणजे भिंत आपली एक पातळ कात टाकून स्वच्छ होत असे. आपल्याला तो दोष वाटायचा, कारण टेकून बसले की पाठीला पांढरे लागायचे.

पण देवळाला आणि मूर्तीला दरवर्षी कात टाकणारा लेप कसा चालेल? तिथे टिकाऊ लेपाचा विचार फार जुना आहे. ‘वज्रलेप’ हा शब्द कोल्हापूरकरांना अंबाबाईच्या मूर्तीमुळे ठाऊक आहे. त्या मूर्तीला १९५०च्या दशकात वज्रलेप झाला आणि २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी तिचे रासायनिक संवर्धन केले. पण या शब्दाचे वय दीड हजार वर्षांच्या घरात आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात चक्क पाककृती दिली आहे.

ती आपल्या भाषेत अशी : कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्चे कवठ, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड एक द्रोण पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे. त्या काढ्यात बोळ, गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल असे पदार्थ मिसळायचे. हा लेप गरम असतानाच प्रासादाला, मूर्तीला, भिंतीला, विहिरीला लावायचा. टिकण्याची मुदत? एक कोटी वर्षे! आजच्या रंगवाल्यांची दहा वर्षांची हमी त्यापुढे अगदीच विनयशील म्हणायची.

मुदतीचा भाग सोडला तर कृती विचाराने केलेली आहे. कवठ आणि बेल यांत चिकट डिंक असतो. टेंभुर्णीत तुरट द्रव्य असते. जवसाचे तेल हवा लागली की सुकून पापुद्रा धरते, त्यावरच पुढे युरोपातले सगळे तैलरंग उभे राहिले. राळेतून पाणी जात नाही. आपण श्राविकांनी याच अध्यायातली आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पहिली कृती झाडाझुडपांची असली तरी दुसरीत लाख येते, आणि लाख म्हणजे किड्यांनी तयार केलेले द्रव्य. पुढच्या एका कृतीत तर जनावरांची शिंगे आणि कातडेही आहे. तेव्हा “जुने ते सगळे सात्त्विक” असे समजू नये. लेप जुना असो की नवा, आत काय घातले आहे हे विचारावेच लागते.

लाखेवरून अजिंठा आठवतो. १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि पुढे तिथल्या चित्रांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात. चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्या काळात त्यांवर व्हार्निश फिरवले गेले. नंतर १९२०च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी कौशल्याने जागेवर बसवला, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण रक्षणासाठी चित्रांवर लाखेचा पातळ थरही दिला. हेतू चांगलाच होता. काही वर्षांत तो थर पिवळा पडला, वर धूळ-काजळी बसली, मूळ निळे-हिरवे रंग त्याखाली मंदावले. स्वातंत्र्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तोच लेप कणाकणाने काढत बसावे लागले. लावायला थोडे दिवस लागले, काढायला कित्येक दशके. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचे आहे.

आता आपल्या काळातल्या रंगाकडे येऊ. १९४२ साली, महायुद्धात परदेशी रंगाची आयात बंद असताना, मुंबईत गिरगावातल्या एका छोट्या जागेत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. स्वातंत्र्यानंतर चुन्याच्या जागी हळूहळू डिस्टेंपर, सिमेंटचा रंग आणि मग प्लास्टिक इमल्शन आले. ‘स्नोसेम’ हा शब्द तर आपल्या पिढीच्या तोंडात रंगाचे नाव म्हणूनच बसला. पाठीला पांढरे लागणे थांबले, पण भिंतीचे कात टाकणेही थांबले. मळ जिथल्या तिथे बसू लागला आणि धुण्याचे काम वाढले.

या सगळ्या पांढऱ्या रंगांत एक पूड असते, टायटॅनियम डायऑक्साइड. तिचा एक प्रकार उन्हात रंगाला भुरभुरीत करतो. रंग बनवणाऱ्यांना हा दोष फार पूर्वीच कळला होता. गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत या दोषाचाच उपयोग करून ‘स्वतः स्वच्छ होणारे’ पांढरे रंग विकले जात. वरची भुकटी पावसाने धुऊन जायची आणि खालचा थर पांढरा दिसायचा. आपल्या चुन्याचीच युक्ती, डब्याचे नाव नवे!

हा दोष नेमका कशामुळे, याचे उत्तर जपानमधून आले. १९६७ साली टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हे विद्यार्थी प्राध्यापक केनिची होंडा यांच्या हाताखाली काम करत होते. पाण्यात ठेवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकला की पाण्याचे ऑक्सिजन आणि हायड्रोजनमध्ये विघटन होते, हे त्यांना दिसले. १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. उन्हातल्या अतिनील किरणांनी ही पूड जागी होते आणि तिच्यावर बसलेल्या तेलकट, सेंद्रिय मळाचे तुकडे करते. पुढे १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी आणखी एक गुण दाखवला. अशा पृष्ठावर ऊन पडले की पाण्याचे थेंब होत नाहीत, पाणी चादरीसारखे पसरते आणि मळाच्या खाली शिरून त्याला घेऊन जाते. फरशा, काचा, सिमेंट यांत हे तंत्र आले. रोमजवळच्या वस्तीत २००३ साली एक पांढरे शुभ्र चर्च उभे राहिले, त्याच्या सिमेंटमध्ये हीच पूड मिसळलेली आहे.

दुसरा रस्ता याच्या अगदी उलटा आहे. तिथे पाणी पसरत नाही, टिकतच नाही. हा रस्ता कमळाच्या पानाचा.

जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलोट १९७०च्या दशकात पानांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करत होते. बघण्याआधी बहुतेक पाने धुवावी लागत, पण काही पाने कायम स्वच्छच मिळत. त्यांत कमळ पहिले. सर्वसाधारण समज असा की गुळगुळीत तेवढे स्वच्छ. इथे दिसले भलतेच. कमळाचे पान सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत निघाले. त्यावर बारीक बारीक उंचवटे आणि त्या उंचवट्यांवर मेणाच्या त्याहून बारीक नळ्या. पाण्याचा थेंब या टोकांवर नुसता टेकतो, खाली हवाच असते. म्हणून तो पसरत नाही, मोत्यासारखा गोल राहतो आणि पान जरा कलले की घरंगळतो. जाताना धुळीचे कण आपल्या अंगाला चिकटवून नेतो. १९९७ मध्ये बार्थलोट आणि नाइनहुइस यांनी यावर सविस्तर निबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच ‘पवित्र कमळ’ असा उल्लेख केला. १९९९ मध्ये जर्मनीत या तत्त्वावरचा बाहेरच्या भिंतीचा रंग बाजारात आला.

मैत्रिणींनो, कमळाचे पान पाण्यात राहून पाण्याने लिंपत नाही, हा दृष्टांत आपल्याला नवा नाही. आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’वर टीका लिहिताना आचार्य अमृतचंद्रांनी आत्म्याचे स्वरूप समजावण्यासाठी हेच पान घेतले आहे. पाण्यात बुडालेल्या पानाला वरवर पाहता पाणी लागलेले दिसते, पण त्याचा स्वभाव पाहिला तर ते अलिप्तच आहे. गीतेतही हा दृष्टांत येतो. म्हणून “आपल्या पूर्वजांना नॅनो ठाऊक होते” असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांनी थेंब पाहिला आणि त्यातून वैराग्य शिकवले. मेणाच्या नळ्या पाहायला यंत्र लागले. दोन्ही कामे मोठी आहेत, त्यांची सरमिसळ कशाला करायची?

आता आपल्या गावाकडे. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात ‘एअर ग्लास’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे प्रा. ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांचे विद्यार्थी सिलिका एरोजेलवर काम करत. हा पदार्थ म्हणजे जवळजवळ सगळी हवाच, काचेच्या जाळीत अडकलेली. फुलासारखा हलका, पण त्याची एक अडचण असते : हवेतला ओलावा शोषून तो बिघडतो. कारण सिलिकाच्या पृष्ठावर पाण्याला ओढून घेणारे रासायनिक गट असतात. त्यांच्या जागी पाण्याला नाकारणारे मिथिल गट बसवले की तोच पदार्थ पाण्याला जवळ येऊ देत नाही. एरोजेल वाचवण्याच्या या खटपटीतून पाणी झटकणाऱ्या लेपांचा अभ्यास पुढे गेला, आणि काचेवर सिलिकाचे असे लेप देण्याचे प्रयोग आपल्या सागरमाळाशेजारच्या या विद्यापीठात झाले.

याच प्रयोगशाळेत घडलेले डॉ. संजय लठ्ठे पुढे जपानमध्ये फुजिशिमा यांच्या संशोधनकेंद्रात गेले. २०१४ साली फुजिशिमा आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जो निबंध लिहिला त्याचा विषय होता कमळाच्या पानाची नक्कल करून बनवलेली पृष्ठे! मला याचे फार अप्रूप वाटते. ज्यांनी उन्हाचा रस्ता शोधला त्यांच्याबरोबर बसून कोल्हापुरात शिकलेल्या संशोधकाने कमळाच्या रस्त्याचा आढावा घेतला. परत आल्यावर त्यांनी आधी जतच्या राजे रामराव महाविद्यालयात आणि मग ताराबाई पार्कातल्या आपल्या विवेकानंद कॉलेजात काम केले. तिथल्या प्रयोगशाळेचे नावच ‘सेल्फ-क्लीनिंग रिसर्च लॅबोरेटरी’ आहे. आपल्या मुली-सुना ज्या रस्त्याने भाजी आणायला जातात, त्या रस्त्यावर हे काम चालते.

मग प्रश्न उरतो, आपण लावावा का?

आधी मर्यादा सांगते. कमळाचे पान जिवंत आहे. त्याचे मेण झिजले की ते नवे तयार करते. रंगाला ते जमत नाही. लेपाची ती बारीक टोके घासण्याने, ब्रशने, धुळीच्या वाऱ्याने मोडतात, आणि मोडली की लेप साधा रंग होतो. म्हणून असा लेप दिलेली भिंत घासायची नसते. दुसरे, तो पाण्याला झटकतो, तेलाला नव्हे. स्वयंपाकघराच्या धुरांड्याखाली त्याचे काही चालत नाही. उन्हाच्या लेपाला ऊन लागते आणि पाऊसही लागतो. उत्तरेच्या बोळात किंवा घराच्या आत तो निजून राहतो. काही पाणीरोधक लेपांत फ्लोरिनची अशी संयुगे असतात जी निसर्गात वर्षानुवर्षे मोडत नाहीत. बऱ्याच देशांनी त्यांवर बंधने आणायला सुरुवात केली आहे. तेव्हा डब्यात काय आहे हे विचारणे हा चोखंदळपणा नव्हे, तो आपला धर्मच आहे.

मग हिशेब. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे कुठलीही वस्तू मी दर वर्षाच्या खर्चात मोजते. समजा, इमारतीला साध्या रंगाचा खर्च परांची आणि मजुरीसह दोन लाख आणि तो चार वर्षे टिकतो. म्हणजे वर्षाला पन्नास हजार. नवा लेप तीन लाखांचा आणि सात वर्षे टिकणार असे सांगतात, म्हणजे वर्षाला साधारण त्रेचाळीस हजार. स्वस्त पडला. पण तो पाचच वर्षे टिकला तर वर्षाला साठ हजार, महाग पडला. सगळा खेळ टिकण्याच्या वर्षांवर आहे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीला ठेकेदाराने ‘दहा वर्षे हात लावायला नको’ म्हणून लेप दिला. ओल आतूनच होती. तिसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघाले. हमीच्या कागदावर बारीक अक्षरात ‘भिंत कोरडी असल्यास’ असे होते. गळती आधी काढा, मग लेपाचे बघा. कुठलाही लेप ओल्या भिंतीचे औषध नाही.

खर्चाच्या पुढेही एक गोष्ट आहे. शेवाळ म्हणजे अनंतकाय. चातुर्मासात ते वाढू द्यायचे आणि दिवाळीत ॲसिड, ब्लीचिंग पावडर ओतून मारायचे, यात किती जीवांची हिंसा होते याचा विचार आपण क्वचित करतो. भिंत कोरडी राहिली तर शेवाळ धरतच नाही. निर्माण होऊ न देणे हा मारण्यापेक्षा केव्हाही चांगला मार्ग. त्यासाठी महागडा लेपच पाहिजे असे नाही. खिडकीवर नीट छज्जा, कठड्याच्या माथ्याला उतार आणि पुढे आलेल्या कडेखाली पाणी तोडणारी खाच, मोकळी पन्हाळी, एवढ्याने निम्मे ओघळ थांबतात. जुनी माणसे पावसाच्या तोंडाला उसाच्या पाल्याचे तट्टे बांधत, तेही हेच होते. आणि भिंत कमी धुवावी लागली तर दोराला लोंबकळून ती धुणाऱ्या माणसाचा जीवही तितका कमी वेळा टांगणीला लागतो. यत्नाचार म्हणतात तो यालाच.

आता सगळ्यात महत्त्वाचे, बस्तीचे. घराला लेप चुकला तर पैसे जातात, बस्तीला चुकला तर वारसा जातो. हल्ली जीर्णोद्धाराच्या यादीत ‘दगडाला कोटिंग’ अशी एक ओळ असते आणि दानाची पावती बहुधा आपल्याच नावे फाटते. खिद्रापूरला जाऊन या. तिथले कोपेश्वर मंदिर आणि आदिनाथांची बस्ती दोन्ही शिलाहारांच्या काळातली. काळा दगड आठशेहून अधिक वर्षे पाऊस आणि कृष्णेचे पूर सोसत उभा आहे. कोणी रंग दिला म्हणून तो टिकला असे नाही. दगड श्वास घेतो. आत शिरलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. वर तैलरंग किंवा चकचकीत कोटिंग दिले की ते पाणी आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. श्रवणबेळगोळचे बाहुबली ९८१ सालापासून डोक्यावर छप्पर नसताना उभे आहेत, तो ग्रॅनाइट. आपल्या कुंभोजच्या बाहुबलीचे संगमरवर वेगळे. त्याला आंबट चालत नाही, म्हणून दही, लिंबू किंवा ॲसिडने संगमरवर घासू नये. ताजमहालाचा पिवळेपणा काढताना पुरातत्त्व खाते १९९४ पासून मुलतानी मातीचाच लेप देत आले आहे. वाळला की मळ ओढून घेतो आणि डिस्टिल्ड पाण्याने धुतला की मागे काही उरत नाही. काढता येणे हाच त्याचा मोठा गुण. मूर्तीवर तर पाणी झटकणारा लेप मुळीच नको. अभिषेकाचे दूध-तूप त्याला बसणार, आणि लेप झिजून कुठे जाणार? गंधोदकात.

म्हणून कमिटीच्या बैठकीत आपण बायकांनी तीनच प्रश्न विचारावेत. हा लेप काढायचा झाला तर दगडाला न दुखवता निघेल का? दगडातले पाणी बाहेर पडू देईल का? आत काय काय घातले आहे, आणि ते कोणी लिहून देईल का? पुरातत्त्व खात्याचा किंवा विद्यापीठातला जाणकार बोलावून एका कोपऱ्यात लावून बघा, दोन पावसाळे जाऊ द्या, मग पावती फाडा. अजिंठ्याचे इटालियन तज्ज्ञ आपल्या कुठल्याही ठेकेदारापेक्षा हुशार होते. त्यांच्या लाखेलाही काळ लागला पिवळी पडायला. आपल्याला घाई कशाची आहे?

घराच्या बाहेरच्या भिंतीला, गळती काढून, हिशेब करून, नवा लेप जरूर लावा. आपल्या गावातली मुले त्यावर काम करत आहेत, उद्या तो आणखी चांगला आणि स्वस्त होईल. बस्तीच्या दगडाला मात्र मऊ कुंचला, स्वच्छ गाळलेले पाणी आणि छपरावरची मोकळी पन्हाळी एवढे पुष्कळ आहे.

जय जिनेंद्र.